बावीस कॅराव्हॅनच्या मागे

नियोजन या विषयात माझा हात धरणारा आमच्या अख्ख्या फ्रीसलँड प्रांतात सापडायचा नाही! पटत नसेल तर माझी वही बघा. आमच्या गावापासून थेट माँटेनेग्रोच्या समुद्रापर्यंत, मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, क्रोएशिया. कुठल्या देशात टोल किती, कुठला बोगदा किती मिनिटांचा, कुठल्या पंपावर संडास फुकट, सगळं तिच्यात आहे. घरचे बटाटे वीस किलो, हेही आहे. परदेशी बटाट्याचा काय भरवसा?

या आराखड्याची अकरावी आवृत्ती मी मोठ्या ऐटीत बायकोपुढे, म्हणजे हिस्केपुढे ठेवली.

"हार्मेन," ती म्हणाली, "बोगदे राहू देत. मला एकच वचन दे. पन्नासाव्या वाढदिवसाला मी वर्तुळात बसलेली नसेन."

आमच्याकडे वाढदिवस म्हणजे बैठकीत खुर्च्यांचं वर्तुळ. आलेला प्रत्येक जण वर्तुळातल्या प्रत्येकाशी हात मिळवून अभिनंदन करतो. तिचं करतो, माझं करतो, शेजाऱ्याचंही करतो, जणू तिला एवढी मोठी करण्यात त्याचाही हातभार आहे! मग कॉफी, केकचा एक तुकडा आणि बाउक्येमावशीच्या गुडघ्याची साद्यंत हकीकत. पन्नाशीला तर दारात पेंढा भरलेली म्हातारीची बाहुलीही बसवतात. हिस्केने हे एकोणपन्नास वर्षं सोसलं होतं.

"दिलं वचन!" मी म्हणालो. "चौदा मेला तू समुद्रात पाय सोडून बसलेली असशील. नऊ तारखेला, शनिवारी सकाळीच आपण पसार! कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही."

गुप्तता हवीच होती. आमच्या घराघरांत वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगलेलं असतं, त्यामुळे कुणाचा वाढदिवस विसरायची सोयच नाही. निदान पंधरा संडासांच्या भिंतींवर हिस्केचं नाव होतं. आम्ही निघणार हे तिच्या तिन्ही मावश्यांना कळलं असतं, तर त्यांनी आदल्या दिवशीच खुर्च्या मांडल्या असत्या! तुम्हाला म्हणून सांगतो, माझी स्वतःची पन्नाशी पुढच्या मार्चमध्ये होती आणि तिच्यासाठी मी पोर्तुगालची एक वही गुपचूप सुरूही केली होती.

नऊ तारखेला सकाळी आम्ही सीत्सेच्या शेतावर पोचलो. गाडीमागे जोडायची आमची कॅराव्हॅन, म्हणजे आमचं चाकांवरचं घर, हिवाळाभर त्याच्या गोठ्याशेजारच्या कोठारात असते. गावातल्या सगळ्यांच्याच असतात. सीत्सेने कोठाराचं दार उघडलं, आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"आज काय काम काढलंस?"

"कॅराव्हॅन न्यायला आलो."

"तुझी? ती तर सप्टेंबरला जायचीय."

ऑक्टोबरमध्ये कॅराव्हॅन ठेवताना सीत्से प्रत्येकाला निघायची तारीख विचारतो. जो सगळ्यात उशिरा निघणार, त्याची सगळ्यात आत. आणि ऑक्टोबरमध्ये माझी तिसरी आवृत्ती चालू होती. तिच्यात सप्टेंबर होता!

"अरे, मग बेत बदलला ना!"

"मला कुठे सांगितलंस? उलट म्हणालास, सीत्से, लिहून घे, माझं नियोजन पक्कं असतं."

मी आत डोकावलो. आमची कॅराव्हॅन पार मागच्या भिंतीला टेकलेली, आणि तिच्यापुढे बावीस! प्रत्येकीच्या गाडीला जोडायच्या आकड्याला कुलूप, आणि किल्ल्या ज्याच्या त्याच्या घरी.

हिस्केने माझ्या हातातून वही घेतली आणि शांतपणे चाळली. तिचा शांतपणा मला आवडत नाही.

"बोगद्यांची नऊ पानं आहेत," ती म्हणाली. "कोठाराचं पान कुठंय?"

मी सीत्सेकडून बावीस नंबर घेतले आणि गोठ्यामागे जाऊन फोन लावायला सुरुवात केली. पहिला येल्मर. तो इतका हसला की बायकोला बोलावून त्याने मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. "हार्मेन अडकला! आपला वहीवाला हार्मेन!" पण यायला मात्र त्याला सवड नव्हती. दुसरा म्हणाला, पोराची फुटबॉलची मॅच आहे. तिसरा म्हणाला, सोमवारी बघू. सोमवारी! सोमवारी माझ्या वहीप्रमाणे आम्ही ऑस्ट्रियात कॉफी पीत होतो! हिस्केचा समुद्र माझ्या डोळ्यांदेखत आटायला लागला. चौथ्याला मात्र माझा तोल गेला.

"अरे, गुरुवारी हिस्केला पन्नास होताहेत रे!"

"मग आधी नाही का सांगायचं? निघालोच!"

जादूच म्हणायची! पुढच्या सगळ्यांना मी सुरुवातच तिथून केली. गुप्तता वगैरे डोक्यातून पार उडाली होती. चौदाव्याला तर मला तोंडही उघडावं लागलं नाही. "ठाऊक आहे, ठाऊक आहे," तो म्हणाला. "केकच्या दुकानात रांगेत उभा आहे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण आता उशीर झाला होता.

माणसं येत गेली, कुलपं उघडत गेली, सीत्सेचा ट्रॅक्टर एकेक कॅराव्हॅन अंगणात ओढत गेला. ज्याची बाहेर आली तो वाट बघत थांबायचा, आणि थांबायचं तर आतली घडीची खुर्ची काढायचा. मुद्दाम कुणी काही केलं नाही हो! पण आमच्या माणसांना दहा खुर्च्या मिळाल्या की वर्तुळ आपोआपच होतं. येल्मरही आला, म्हणे गंमत बघायला! दुपारपर्यंत सत्तेचाळीस खुर्च्या झाल्या होत्या. सीत्सेचा दूध काढायचा डगला चढवून पेंढ्याची म्हातारी दारात बसली होती. आणि सायकलवरून तिन्ही मावश्या हजर!

"गुरुवारी नसणार म्हणे तू," बाउक्येमावशी हिस्केला मधल्या खुर्चीत दाबत म्हणाली. "मग आजच उरकून घेऊ. बरं, माझ्या गुडघ्याचं तुला कळलं का?"

हिस्केने वर्तुळाच्या मधून माझ्याकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात सीत्सेने माझा हात धरून गदागदा हलवला.

"अभिनंदन, हार्मेन!"

"तुझंही अभिनंदन, सीत्से," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

चार वाजता आमची कॅराव्हॅन बाहेर आली. कुणी ढुंकूनही बघितलं नाही, कारण मावशीचा गुडघा नुकता कुठे ऑपरेशनच्या टेबलावर चढला होता. मी हळूच हिस्केच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो.

"गुरुवारी समुद्र नक्की," मी कुजबुजलो. "माफ कर गं."

ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी आलं. माझा जीव भांड्यात पडला.

"सीत्से," तिने हाक मारली, "यंदाही आमची कॅराव्हॅन सगळ्यात मागे लाव. सप्टेंबर लिहून ठेव. आणि मावशी, तुम्हीही लिहून ठेवा, मार्चमध्ये हार्मेनला पन्नास होताहेत."

"अगं, पण मार्चमध्ये आपण..."

"पोर्तुगालला ना? बटाट्यांच्या पोत्याखाली सापडली ती वही. छान आहे," हिस्के डोळे पुसत म्हणाली. "कोठाराचं पान तिच्यातही नाही."