झाकणावरचा स्क्रू

एका जंगलात एक खाडी होती. जंगलात खाडी कुठून आली, असं मध्येच विचारायचं नाही, बाळांनो. खाडी नसती तर होडी नसती, होडी नसती तर तिच्या मागे लावलेलं मशीन नसतं, आणि मग मला गोष्टच सांगता आली नसती.

मशीन लहान होतं आणि जुनं होतं. इतकं जुनं, की त्याचा मूळ रंग कोणता यावरून जंगलात दोन तट पडले होते. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पाजायचं, दोरी ओढायची, की ते खोकत खोकत सुरू व्हायचं. पलीकडच्या काठावर बाजार होता आणि बगळा वैद्य होता. तेव्हा मशीन चाललं तरच जंगलाचं चालायचं.

आधी हे मशीन बजाबा वानराकडे होतं. त्याच्या हाताखाली ते दर तिसऱ्या दिवशी भर खाडीत बंद पडायचं. मग बजाबा डोक्याला फडकं बांधायचा, दातात पाना धरायचा, मशीनला चार शिव्या आणि दोन लाथा घालायचा आणि पन्नास वेळा दोरी ओढून ते सुरू करायचा. जीव वाचला म्हणून लोक त्याच्या पाया पडायचे आणि त्याला शाल पांघरायचे. बजाबाकडे अशा अकरा शाली जमल्या. मशीन त्याने एकदाही धुतलं नाही, शाली मात्र दर आठवड्याला धुतल्या. पुढे पलीकडच्या काठावरून ‘संकटाशी दोन हात’ या विषयावर भाषणं द्यायचं बोलावणं आलं आणि तो गेला.

जागा रिकामी झाली. त्या जागेसोबत धक्क्याजवळचं एक कोरडं बीळ राहायला मिळायचं. दाजी साळिंदराची बायको गोदा नुकतीच बाळंत झाली होती. दोन पिल्लं, काटे अजून मऊ, आणि राहतं बीळ उधाणाच्या पाण्यात गेलेलं. दाजीने अर्ज केला. दुसऱ्या कोणाचा अर्जच नव्हता, म्हणून सरपंच रानडुकराने कसून मुलाखत घेऊन त्याची निवड केली.

दाजीने जन्मात पाना धरला नव्हता. पहिल्याच फेरीत, निघाल्यापासून दहा मिनिटांनी मशीन गप्प झालं. होडीत दोन ससे होते. ते बजाबाची आठवण काढून रडू लागले. तेवढ्यात पाण्यातून एका म्हाताऱ्या कासवाने डोकं वर काढलं. हे अंतूनाना. त्यांचं सगळं आयुष्य होड्यांच्या खाली गेलं होतं.

“टाकीच्या झाकणावर बारका स्क्रू आहे बघ. तो उघडलास का?” नानांनी विचारलं.

“तो उघडायचा असतो?”

“पेट्रोल बाहेर यायचं तर हवा आत नको का जायला? बंद ठेवलास तर दहा मिनिटं चालेल आणि राम म्हणेल.”

दाजीने स्क्रू सैल केला आणि दोरी ओढली. मशीन सुरू झालं. ससे जरा हिरमुसले. त्यांना काहीतरी मोठं घडायला हवं होतं.

त्या दिवसापासून नाना शिकवत गेले आणि दाजी शिकत गेला. खाडीचं पाणी खारं, ते मशीनच्या पोटात राहिलं की मीठ धरतं. म्हणून शेवटची फेरी झाली की पिंपात गोडं पाणी भरायचं आणि मशीन त्यात थोडा वेळ चालवायचं. मग पेट्रोलची नळी काढून आत उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत चालू द्यायचं. प्लग काढून पुसायचा. चालताना मागून पाण्याची बारीक धार पडते, तिच्यावर डोळा ठेवायचा. धार थांबली की मशीन तापलं म्हणून समजायचं.

एवढं दाजीच्या लक्षात राहीना. मग त्याने एकेक गोष्ट चिठ्ठीवर लिहून आपल्याच काट्यांना टोचून ठेवली. काटे पाठीवर असल्यामुळे त्याला त्या दिसत नसत. रोज कामाला निघताना गोदा त्या मागून वाचून दाखवायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पहिली चिठ्ठी झाकणावरच्या स्क्रूची होती.

दसऱ्याला जंगलाने मशीनची पूजा केली. सरपंचांनी मूठभर हळदकुंकू आणि अक्षता अशा काही भक्तिभावाने वाहिल्या, की पाणी आत ओढायच्या जाळीत भात शिजवायचाच बाकी राहिला. पंख्याला झेंडूची माळ गुंडाळली. दुसऱ्या दिवशी धार पडेना. दाजी सकाळभर पोटावर पडून बारीक तारेने तांदूळ उकरत राहिला. पूजा करा, फक्त भोकात करू नका, असं तो नम्रपणे म्हणाला. त्यावर दाजीची देवावर श्रद्धा नाही, असं जंगलभर झालं.

तरी मशीन चालत राहिलं. सहा महिने झाले, एकदाही बंद पडलं नाही. आणि इथून, बाळांनो, दाजीचे हाल सुरू झाले.

लोक आपसात विचारू लागले, की हा दिवसभर करतो काय? बजाबाच्या वेळी कसं, काम डोळ्यांना दिसायचं. घाम दिसायचा. हा तर मशीनला आंघोळ घालतो आणि गोडं पाणी नासवतो. शेवटी सभा भरली. दाजीने चिठ्ठ्या दाखवण्यासाठी सभेकडे पाठ केली, तर तो सभेचा अपमान ठरला.

“मशीन बिघडतच नाही, तर त्याला माणूस ठेवायचा कशाला?” सरपंच म्हणाले, आणि सगळ्या जनावरांनी माना डोलावल्या. अमावास्येपर्यंत बीळ खाली करायचं ठरलं.

दाजी घरी आला आणि कोपऱ्यात बसून राहिला. आपण काम नीट केलं हीच आपली चूक झाली, हे त्याला पटत नव्हतं आणि टाळताही येत नव्हतं. पिल्लं त्याच्या पोटाशी येऊन झोपली. सकाळी गोदा नेहमीसारखी मागे उभी राहिली. तिने दुसऱ्या चिठ्ठीपासून वाचायला सुरुवात केली.

“पहिली राहिली,” दाजी म्हणाला.

“आज राहू दे,” गोदा म्हणाली.

त्या दिवशी सरपंच सगळे पंच घेऊन बाजाराला निघाले होते. दाजीने सगळ्यांना हात देऊन बसवलं, स्क्रू घट्ट आवळला आणि दोरी ओढली. दहा मिनिटांनी, बरोबर मध्यावर, मशीन गप्प झालं. ओहोटी लागली होती. होडी हळूहळू समुद्राकडे सरकू लागली.

दाजीने डोक्याला फडकं बांधलं. दातात पाना धरला. प्लग काढला, पुसला, परत लावला. त्याला काहीच झालेलं नव्हतं. तीस वेळा दोरी ओढली. लाथ मात्र त्याच्याने घालवेना, म्हणून त्याने बाकाला घातली. सरपंचांचे सात देवांना नवस बोलून झाले आणि आठवा आठवेना, तेव्हा दाजीने एका नखाने हळूच स्क्रू सैल केला आणि दोरी ओढली.

मशीन खोकलं आणि चालू लागलं. पंच गळ्यात पडून रडले. दाजीच्या काट्यांमुळे ते एकमेकांच्याच गळ्यात पडले. होडीच्या बाजूला अंतूनानांचं डोकं वर आलं होतं. त्यांनी झाकणाकडे पाहिलं, दाजीकडे पाहिलं आणि ते खाली गेले. दाजीला त्या नजरेची सगळ्यात जास्त लाज वाटली.

सत्कार दणक्यात झाला. शाल पाठीवर पांघरताच तिची चाळण झाली, पण जागा कायम झाली आणि बीळही. ‘एवढं कष्टाचं काम एकट्याने कसं करतोस रे बाबा,’ असं सरपंच गहिवरून म्हणाले. दाजी अजूनही मशीनला रोज गोड्या पाण्याने आंघोळ घालतो, मात्र आता झुडपाआड, चोरून.

तात्पर्य: बाळांनो, मशीनची निगा रोज राखावी, आणि महिन्यातून एकदा, होडीत सरपंच बसलेले पाहून, ते बंद पाडायला विसरू नये. निगेने मशीन टिकतं. निगा राखणारा टिकायला बिघाड लागतो.