गरुडाला घार म्हणणाऱ्या अंबुजाक्का

अंबुजाक्का दुर्बीण बघायला निघाल्या की दुकानाच्या पायरीवरच डावा हात पाठीमागे नेऊन पदरात गुंडाळून टाकायच्या. मग उजव्या हातानं दुर्बीण उचलायची, थेट रस्त्यात यायचं, आणि एका हातानं ती डोळ्यांना लावून देवळाच्या गोपुराकडे बघत उभं राहायचं. मागे बस बोंबलतेय, फुलवाली ओरडतेय, दुकानदार "पाटी! पाटी!" करत धावत येतोय. पाटी म्हणजे आजी. त्याला आजीची काळजी नव्हती, दुर्बिणीची होती. आणि मी? मी शेजारच्या दुकानातल्या पितळी समया बघत होते. या बाई माझ्याबरोबर आल्यात हे कुणाला कळू नये, एवढीच इच्छा.

मी मूळची साताऱ्याची. बँकेनं कुंभकोणमला बदली केली तेव्हा मी चांगली तोंड फुगवून बसले होते. मेलकावेरीत वरचा मजला भाड्यानं घेतला, सामान लावत होते, तर खालून घरमालकीणबाई, म्हणजे याच अंबुजाक्का, कॉफी घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "जेवण जाहलें कीं नाहीं?" माझ्या हातातला डबाच पडला. यांचं घराणं मराठ्यांच्या राज्यात इकडे आलं ते इकडचंच झालं. बाहेर तमिळ, घरात मराठी, आणि मराठी अशी की माझ्या खापरपणजीनं ऐकली असती तर गहिवरली असती. माझं बोलणं त्यांना नाटकातलं वाटायचं. "तूं फार धांवत बोलतेस गो," म्हणायच्या, "कोण पाठीं लागलें आहे?"

घरात त्या आणि त्यांच्या वन्सं, गोदाबाई, दोघीच. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. वन्सं लग्न न करता शाळेत शिकवत राहिलेल्या, आणि पाखरांचं वेड ते मूळ त्यांचं. रोज सकाळी दोघी कावेरीवर जायच्या. वन्संनी पाखरू ओळखायचं, अक्कांनी छत्री धरायची. मग एके दिवशी वन्संना झटका आला आणि डावी बाजू गेली. बोलणं परत आलं, धरून धरून खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत येणं जमू लागलं. पण खुर्चीत बसल्या की खिडकीकडे पाठ करायच्या. पाखरांचं नाव काढलं की डोळे मिटायच्या. तोंडानं म्हणायच्या, "पुरे जाहलें."

अक्कांनी यावर एकच औषध ठरवलं, दुर्बीण. खिडकीतून नारळाची झाडं आणि नदीतली वाळू दिसते. "वन्सं नदीवर जाऊं शकत नाहींत. सरी, बरें तर. नदी खिडकींत आणूं." पण ती एका हातानं धरता आली पाहिजे, म्हणून तो डावा हात पदरात. दुकानदाराला हे कोण सांगणार? त्याला वाटायचं म्हातारीचं डोकं फिरलंय. खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही तसंच वाटलं होतं.

आता हेही सांगायला हवं की अक्कांचा सगळा जन्म तिरुभुवनमला, एका विणकर सोसायटीत, रेशमी साड्या तपासण्यात गेला. लग्नाची साडी घ्यायची तर अजून अर्धी गल्ली त्यांना बरोबर नेते. साडी तपासायची त्यांची रीत ठरलेली. दुकानातल्या दिव्याखाली बघायचं नाही, उजेडात न्यायचं, आणि आधी उलटी करायची. "समोरून सगळ्याच सुंदर. पाठ दाखीव!" दुर्बिणीला त्यांनी हीच रीत लावली. हात लांब करून दुर्बीण आभाळाकडे धरायच्या आणि डोळ्यांकडच्या भिंगांत लांबूनच बघायच्या. तिथे उजेडाचा गोल दिसतो. गोल पुरता असला तर पास. कडेनं कापल्यासारखा असला की, "आंत कांच हलकी घातली आहे, ने परत." मी घरी येऊन मोबाइलवर शोधलं. दुर्बिणीतले जाणकारही अगदी हेच सांगत होते! बाईंनी हे साडीवरून काढलं होतं.

दुकानदार एकदा मोठ्या ऐटीत म्हणाला, "पाटी, ही घ्या, पन्नास पट मोठं दिसतं." अक्का त्याला तमिळमध्ये जे म्हणाल्या ते त्यांनी मला वाटेत मराठीत करून सांगितलं. "हात कांपला कीं पांखरूं पन्नास पट कांपेल. पांखरूं पाहूं कीं भूकंप पाहूं? आठ पट पुष्कळ." मग चष्मा डोळ्यांवर ठेवून सबंध दिसतं का ते बघायचं, कारण वन्संना जाड चष्मा. मग मधलं चाक एका बोटानं फिरतं का ते. मग गोपुरावरच्या एका द्वारपालाच्या पायाची बोटं वेगळी दिसतात का ते. एवढ्यातून एखादी पार पडलीच तर वजनाला नापास. मी म्हटलं, "अक्का, एका डोळ्याची छोटी नळी मिळते, ती घेऊ या की." तर माझ्याकडे असं बघितलं, मी जणू वन्संना अर्धी साडी नेसवायला निघाले होते.

आणि हे सगळं जमलं, नेमकी हवी तशी हलकी, स्वच्छ, परवडणारी दुर्बीण एकदाची हातात आली, तर बाईंनी ती काउंटरवर ठेवून दिली. का? तर काळी आहे!

"आजारी माणसाला काळी वस्तू देतात होय?"

"अक्का, दुर्बिणी काळ्याच असतात हो!"

"कावळेही काळेच असतात. म्हणून घरांत पाळतें कीं काय?"

माझं डोकंच फिरलं. महिनोन् महिने माझे शनिवार या बाईंनी खाल्ले होते. पण करते काय, तीच दुर्बीण हिरव्या रबरात मिळते असं शोधून मी मागवून दिली. आली त्या दिवशी अक्कांचा आनंद काय वर्णावा! देवापुढे ठेवली. नवं लुगडं नेसण्याआधी त्याच्या कोपऱ्याला हळद लावायची इकडे रीत आहे. यांनी दुर्बिणीला लावली. तीही ओली, आणि सढळ हातानं. एक बोट भिंगावर. मी डोळ्यांना लावून बघितलं तर अर्ध्या कावेरीला कावीळ झालेली! आम्ही दोघी दुपारभर मऊ फडक्यानं पुसत बसलो. अक्का घाबऱ्याघुबऱ्या होऊन सारख्या विचारत होत्या, "जाईल ना गो? जाईल ना?" गेली बाई एकदाची.

संध्याकाळी त्यांनी ती वन्संच्या मांडीवर ठेवली. वन्संनी हातही लावला नाही. "तिकडे ठेव," म्हणाल्या. बस, एवढंच. अक्कांनी दुर्बीण खिडकीत ठेवली आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले तर पाठमोऱ्या उभ्या होत्या, आणि गॅसवर काहीच नव्हतं. मला वन्संचा असा राग आला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवसापासून अक्कांचं काहीतरीच सुरू झालं. सकाळी दुर्बीण घेऊन त्या स्वतः खिडकीशी बसायच्या आणि मोठ्यानं पाखरांची नावं सांगायच्या. सगळी चूक! खंड्याला पोपट. पाणकावळ्याला साधा कावळा. वाळूत एका पायावर उभ्या बगळ्याला चक्क बदक. मी जिन्यावरून ऐकायचे आणि मला वाटायचं, अरे देवा, आता यांनाही काही झालं की काय. वन्सं डोळे मिटून बसलेल्या असायच्या, फक्त कपाळावर आठी यायची. बदकाच्या दिवशी त्यांच्या तोंडून "हूं" असा आवाज निघाला. अक्का त्या "हूं"वर दिवसभर खूश होत्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जन्मभर पोरांच्या चुका सुधारलेली बाई ही, चूक नाव किती दिवस ऐकून घेईल?

पुष्कळ दिवस घेतलं तिनं ऐकून. मी हरले असते. अक्का रोज नवी चूक घेऊन बसायच्या.

मग एका सकाळी मी बँकेत जाताना किल्ली द्यायला खाली गेले, तेव्हा नारळाच्या शेंड्यावर गरुड येऊन बसला. तांबूस अंगाचा, पांढऱ्या डोक्याचा. इकडे यालाच गरुड मानतात, विष्णूचं वाहन. दिसला की माणसं सायकलवरून उतरून हात जोडतात. गल्लीतलं शेंबडं पोरही त्याला ओळखतं. आणि अक्कांचं घर पिढीजात वैष्णवांचं! त्यांनी शांतपणे दुर्बीण लावली आणि म्हणाल्या,

"घार आहे वाटतें."

मी तोंड उघडणार, तर त्यांनी अशी नजर दिली की मी गप्प. खुर्ची करकरली.

"काय म्हणालीस?"

"घार, वन्सं. मेलेला उंदीर पाहत असेल."

"अंबुजा!" वन्सं गरजल्या. इतका मोठा आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. "डोळे फुटले कीं काय तुझे? आण इकडे तें!"

अक्कांनी खुर्ची वळवली. वन्संनी उजव्या हातानं दुर्बीण ओढूनच घेतली, चष्म्याला टेकवली, एका बोटानं चाक फिरवलं. हात किंचित हलला आणि स्थिरावला. कितीतरी वेळ त्या बघत राहिल्या. आवाज आला तो अगदी वेगळा.

"डोकें पांढरें स्वच्छ आहे. छातीही. आणि हिला घार दिसते." मग दुर्बीण डोळ्यांवरून न काढता म्हणाल्या, "अंबुजा, नमस्कार राहिला गो. मज हात मोकळा नाहीं. माझ्या वांट्याचाही तूं कर."

अक्का खुर्चीमागे उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले. गरुड केव्हाच उडून नदीपलीकडे गेला, वन्सं त्याच्या मागोमाग दुर्बीण वळवत राहिल्या, आणि अक्कांचे जोडलेले हात काही खाली येईनात.