खोर फक्कानचे तेलमंत्री

समस्त भारतीय नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आपल्या रिक्षा, ट्रक, विमाने, ट्रॅक्टर आणि स्वयंपाकघरातल्या शेगड्या ज्या एका माणसाच्या भरवशावर चालू आहेत, तो माणूस दुबईत अल मनखूलमधल्या एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, चौघांच्या खोलीत, वरच्या बंकवर झोपतो. त्याच्या बनियनला सध्या दोन भोकं आहेत. परिस्थिती गंभीर आहे, पण देशाने घाबरून जाऊ नये. इस्माईलभाई परकार जागे आहेत!

हसू नका. मीही पहिल्यांदा हसलो होतो आणि त्याची शिक्षा म्हणून गेली चार वर्षं दर रविवारी त्यांचा ड्रायव्हर झालो आहे.

आमची ओळख झाली लिफ्टमध्ये. मी पाचव्या मजल्यावर, आमच्या घरी चाललो होतो. माझा एसी दुरुस्तीचा धंदा, त्यामुळे हातात पाना. समोर साठीकडे झुकलेला, मेंदी लावलेल्या दाढीचा एक बारीक गृहस्थ, गळ्यात दुर्बीण. माझ्याकडे बघून त्याने हळूच सांगितलं, "शेठ, आज अकरा."

"काय अकरा?"

"अकरा उभी आहेत. त्यातली सात भरलेली. देश चालू आहे!" एवढं बोलून गृहस्थ तिसऱ्यावर उतरले.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "नक्की हेर असणार. त्यांच्याशी बोलू नकोस." पुढच्याच रविवारी मी त्यांना गाडीत घालून पूर्व किनाऱ्यावरच्या खोर फक्कानला घेऊन गेलो. आता यात माझा काय दोष? हेर म्हटल्यावर कुणाला राहवेल?

डोंगरातले बोगदे ओलांडून आम्ही त्या गावच्या समुद्रावर पोचलो आणि इस्माईलभाईंनी पडदा उघडावा तसा हात फिरवला. "बघा!" बघतो तर क्षितिजावर तेलाची जहाजं ओळीने उभी. लांबून ती मांडून ठेवलेल्या खेळण्यांसारखी दिसत होती. कट्ट्यावर बसून त्यांनी मला पहिला धडा दिला. "पोट पाण्यात बुडालेलं, म्हणजे भरलेलं. पोट उघडं, लाल रंग दिसतोय, म्हणजे रिकामं. लग्नाहून येणारा माणूस आणि लग्नाला जाणारा माणूस यातला फरक ओळखता येतो की नाही? तसंच!"

शिवाय त्यांच्या फोनवर जहाजं दाखवणारा नकाशा होता. एखाद्या बाणावर बोट ठेवायचं, जहाज कुठे चाललंय ते वाचायचं, आणि लॉटरी लागल्यासारखं ओरडायचं. "मंगळूर! शेठ, मंगळूर!" मग उभं राहून त्या जहाजाच्या दिशेने हात करायचा. "यल्ला, जा बाबा, सांभाळून जा." एकदा असाच एका जहाजाला त्यांनी डोळे मिटून, दुवा मागून, साग्रसंगीत निरोप दिला. वारा आमच्याकडे वळला तेव्हा कळलं की जहाजात तेल नव्हतं, मेंढ्या होत्या. जिवंत. दोन-चार हजार तरी असाव्यात. वास असा आला की इस्माईलभाईंनी आधी दाढी झाकली, मग नाक. "असू दे," म्हणाले, "त्यांनाही दुवेची गरज आहे. जास्तच."

देशाला तेल कुठून येतं हा विषय त्यांच्यासमोर चुकूनही काढू नये. आम्ही एकदा जेवायला बोलावलं आणि माझ्या मुलीने, रियाने, शाळेच्या प्रोजेक्टसाठी तेवढंच विचारलं. इस्माईलभाईंनी बाह्या सरसावल्या. वांग्याची भाजी उचलून ठेवली डावीकडे. "हा इराक. जुना जावई. भांडेल, रुसेल, पण येईल." वरणाची वाटी तिच्याशेजारी. "ही सौदी. हिचा मान ठेवायचा. हिला नाही म्हणायचं नाही." कोशिंबीर सगळ्यांच्या वर. "ही रशिया. नवी सोयरीक. स्वस्तात जमली म्हणून पटकन करून घेतली. लोक नावं ठेवतात, पण घरात तर आली!" पापड लांब टेबलाच्या टोकाला. "अमेरिका. लांबची आत्या. अधूनमधून पार्सल पाठवते."

"आणि आपलं स्वतःचं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या ताटातल्या मिठाकडे बोट दाखवलं. "ते. चवीपुरतं."

मग वरणाची वाटी आणि पाण्याचा जग यांच्यामध्ये एवढीशी फट ठेवून त्यांनी आवाज खाली आणला. "ही होर्मुझची सामुद्रधुनी. निम्मे सोयरे या फटीतून येतात. इथे कुणी आडवा झोपला..." त्यांनी चमचा आडवा ठेवला. "खलास! दापोलीची एसटी बंद. नाशिकचा कांदा नाशकात. पुण्याची सगळी माणसं पायी!"

सगळे श्वास रोखून त्या चमच्याकडे बघत होते. रिया म्हणाली, "अंकल, कॅन वी ईट रशिया नाऊ?"

असं हे वेड. पण एक गोष्ट मला कळत नव्हती. दर रविवारी एखादं भरलेलं जहाज नांगर उचलून आपल्या देशाकडे वळलं की इस्माईलभाई कट्ट्यावरून उठायचे, वीस पावलं लांब जायचे आणि फोन लावायचे. फोनवर दोनच वाक्यं. "निघाला. पोचला की कळव." बस. आठवडाभराने कधीतरी लिफ्टमध्ये भेटले की चेहऱ्यावर चांदणं. "शेठ, पोचला!" मला वाटायचं, कुणीतरी दलाल असेल, कुणी बंदरातला साहेब असेल. बायकोचा हेर अजून शाबूत होता.

होर्मुझकडच्या बातम्या वाईट यायला लागल्या की त्यांचं वजन घटायचं. एकदा अशाच दिवसांत दोन रविवार एकही जहाज आपल्याकडे वळताना दिसलं नाही. ते फोन हातात धरून बसून राहिले. मी म्हटलं, "इस्माईलभाई, सरकारकडे साठा असतो. एवढं काय?" तर म्हणाले, "साठा असेल हो. पण मी काय सांगू?" कुणाला सांगू, ते बोलले नाहीत. मी दोन करक चहा आणले. त्यांनी सवयीने विचारलं, "कितीला?" मी म्हटलं, "दोघांचे तीन दिरहम." "म्हणजे सत्तर-पंचाहत्तर रुपये," म्हणाले, आणि चहा तसाच गार होऊ दिला.

आणि मग यंदा थंडीत, एका बुधवारी, ते पाना पडल्यासारखे धाडकन आमच्या दारात उभे राहिले. "शेठ, घात झाला. जुलेखा येतेय!"

जुलेखा म्हणजे त्यांची बायको. दापोलीकडच्या खाडीकाठच्या गावात राहणारी. अठ्ठावीस वर्षांत एकदाही दुबईला आलेली नाही. सासूचं अंथरूण, मग मुलाचं शिक्षण, मग पुन्हा सासूचं अंथरूण. सासू गेल्या वर्षी वारली. मुलगा पुण्यात नोकरीला लागला आणि त्याने पहिल्या बोनसमधून आईला तिकीट पाठवलं. बारा दिवसांचं.

"मग आनंदाची गोष्ट आहे की!" माझी बायको म्हणाली. "चौघांच्या खोलीत कसं राहणार, आमच्याकडे राहा दोघं."

"वहिनी, राहायचं सोडा. तिला वाटतं, जहाजं मी सोडतो."

मग इस्माईलभाईंनी सोफ्याच्या अगदी टोकावर बसून सगळं सांगितलं. नवं नवं लग्न, लगेच इकडे नोकरी, घरी जायची रजा दोन वर्षांनी एकदा. गावात जुलेखा चुलीवर, धुरात. दोन वर्षांनी घरी गॅस आला. तिने फोनवर हरखून सांगितलं तेव्हा ते सहज बोलून गेले, "अगं, तो गॅस इकडूनच येतो. मीच पाठवला." ती हसली. त्यांना ते हसणं एवढं आवडलं की पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगितलं. "तुझा गॅस निघाला." मग ती म्हणू लागली, "पोचला." मग जहाजं कशी असतात विचारू लागली, म्हणून ते बघायला जाऊ लागले. मग ती शेजारणींना सांगू लागली. सव्वीस वर्षं!

तर तो दलाल, तो बंदरातला साहेब, तो हेराचा वरिष्ठ, म्हणजे ही जुलेखा!

"आणि खरं काम काय तुमचं?" बायकोने विचारलं. एवढ्या वर्षांत आम्ही ते कधी विचारलंच नव्हतं.

"जबल अलीला गोदामात स्टोअरकीपर. टिश्यू पेपरच्या." दोन्ही हातांत तोंड धरून म्हणाले, "शेठ, तिला कळलं तर तिकडे शेगडी पेटवताना ती काय म्हणेल मला?"

काय सांगू तुम्हाला! माझ्या अंगात नाटकच संचारलं. मी म्हटलं, घाबरू नका. मी तुमचा असिस्टंट!

जुलेखाभाभी आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, डोक्यावरून पदर, डोळे मात्र असे की तुमच्या खिशात काय आहे ते ओळखतील. पहिल्याच सकाळी आमच्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या, शेगडी पेटवली, ज्योतीकडे पाहिलं आणि नवऱ्याला हाक मारली. "अवो! हितंपण पोचला वाटतं." इस्माईलभाईंनी कपात तोंड घातलं. मी पटकन म्हटलं, "साहेबांची कृपा, भाभी!" त्यांनी माझ्याकडे दोन क्षण बघितलं आणि तांदळाची भाकरी थापायला घेतली.

रविवारी निघालो. इस्माईलभाईंनी कोट घातला होता. पुढे ते, मागे भाभी आणि रिया. बोगदे संपले तरी त्यांनी फोनवरचा नकाशा उघडला नाही; मला वाटलं, त्यातली सगळी जहाजं बुडाली. खोर फक्कानला पोचलो. दिवस लख्ख होता, समुद्र निळाशार आणि क्षितिजावर पूर्ण वऱ्हाड उभं. मी दोन पावलं पुढे होऊन, घसा साफ करून, जाहीर केलं, "भाभी, साहेबांनी हात वर केल्याशिवाय इथलं एकही जहाज हलत नाही!"

इस्माईलभाईंनी मला मागून चिमटा काढला.

"असं?" भाभी म्हणाल्या. "मग करा की वर."

बिचाऱ्याने हात वर केला. "यल्ला!" आवाज अर्धाच निघाला. जहाजं जिथल्या तिथे. एक मिनिट गेलं. एक पक्षी गेला. हात वरच.

"डॅड, धिस इज सो एम्बॅरसिंग," रिया पुटपुटली.

"आज... आज रविवार आहे ना," इस्माईलभाई म्हणाले. कपाळावरून घाम ओघळत होता.

भाभींनी पर्स उघडली, आतून एक टिश्यू काढला आणि नवऱ्याच्या हातात दिला. "पुसा. तुमच्याच गोदामातला हाय."

मी समुद्राकडे बघू लागलो. असिस्टंटने अशा वेळी समुद्राकडेच बघायचं असतं.

"दर खेपेला टिश्यूची दोन-दोन खोकी आणलीत," भाभी म्हणत होत्या. "लग्नात टिश्यू, मौलवीसाहेबांना टिश्यू, अम्मीच्या उशाला टिश्यू. आख्खा गाव नाक पुसतोय अठ्ठावीस वर्षं. आन् तेलाची एक बाटली कधी नाय आली. मला काय कळत नाय?"

"मग बोलली का नाहीस गं?"

"बोलून काय करू? तुमचा फोन यायचा, निघाला. मग मी चहा ठेवताना म्हणायची, आज घरचं माणूस शेगडीपाशी हाय. दोन कप करायची. एक मी प्यायची, दुसरा पण मीच." त्या हसल्या. "साखर वाढली त्यानं माझी."

देशाच्या तेलमंत्र्याने चार वर्षांत पहिल्यांदाच गळ्यातली दुर्बीण काढली, बायकोच्या पदरावरून तिच्या गळ्यात घातली आणि ती कशी फिरवायची ते दाखवलं. टिश्यूने घाम पुसायचा होता, पण तो डोळ्यांकडे वळला.

भाभी मोजू लागल्या. एक, दोन, पाच, नऊ. मध्येच थांबल्या, कारण एक जहाज हललं. खरंच हललं! पोट पाण्यात बुडालेलं, सावकाश तोंड फिरवून ते पूर्वेला निघालं. रियाने नकाशावर बोट ठेवलं. "आंटी, दॅट वन इज गोइंग टू मंगलोर!"

इस्माईलभाईंचा हात आपोआप फोनकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. फोन करायचा कुणाला? ती तर शेजारी उभी होती.

भाभी दुर्बिणीतून त्या जहाजाच्या मागे मागे गेल्या. मग उरलेल्या सगळ्या ओळीवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दुर्बीण खाली घेतली, नवऱ्याकडे वळल्या, आणि पलीकडे करक चहा पिणारी माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्याने त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"या अल्ला! इतकी जहाजं रोज आमच्याकडं येतात, आन् तुमालाच तेवढी दोन-दोन वर्षं जागा गावत नव्हती?"