चेस्टनटवरची पिवळी चोखणी

माझं नाव एगिल होल्बेक. तीक्ष्ण नजर, कुशाग्र बुद्धी आणि इस्त्री केलेला रुमाल या तिन्ही गोष्टी डेन्मार्कच्या ऑर्हुस शहरात एकाच माणसाजवळ बघायच्या असतील, तर माझ्याकडे यावं लागतं. सदतीस वर्षं मी शहराच्या बसमध्ये तिकीट तपासनीस होतो. माणूस चढताना उजवा पाय आधी टाकतो की डावा, यावरून त्याच्याजवळ तिकीट आहे की नाही हे मी सांगत असे. कधीकधी ते खरंही निघत असे. निवृत्त झाल्यावर एवढी बुद्धी घरात कुजवायची कशाला, म्हणून मी दारावर 'गुप्तहेर' अशी ठसठशीत पाटी लावली. पाटी लावल्यावर गुप्त काय उरलं, असं माझी बायको रिग्मोर विचारते. तिला या धंद्यातलं काही कळत नाही, पण मदतनीस म्हणून तीच परवडते.

माझ्या यशात पाइपचा वाटा मोठा आहे. डॉक्टरांनी अकरा वर्षांपूर्वी माझी तंबाखू बंद केली. पाइप बंद करा असं ते स्पष्ट शब्दांत म्हणाले नाहीत, त्यामुळे रिकामा पाइप अजूनही माझ्या तोंडात असतो. त्याशिवाय माझं डोकं चालत नाही. एकदा तो सोफ्याखाली गडप झाला, तर रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. हे मी सांगतो तेव्हा रिग्मोर विणकामातले टाके मोजायला लागते.

तर एप्रिल संपत आला होता. शुक्रवारी दुपारी आम्ही आमच्या बागेत नेहमीच्या बाकावर बसलो होतो. रिग्मोर लाल लोकरीचा स्वेटर विणत होती आणि मी संशयास्पद बदकांवर नजर ठेवून होतो. एवढ्यात घसरगुंडीपलीकडून असा भोकाड पसरल्याचा आवाज आला की बदकंसुद्धा पाण्यात उतरली.

आवाज चेस्टनटच्या झाडाखालून येत होता. हे आमच्या बागेतलं चोखण्यांचं झाड. आमच्याकडचं पोर मोठं झालं की आपली तोंडातली रबरी चोखणी स्वतःच्या हाताने त्या झाडाला बांधतं, सोबत एखादी चिठ्ठी लावतं, सगळे टाळ्या वाजवतात आणि केक खातात. चोखण्यांवर लक्ष ठेवायचं काम बागेने मला दिलेलं नाही, म्हणून ते मी आपणहून करतो. दर सोमवारी मी त्या मोजतो.

झाडाखाली साडेतीन वर्षांची सिल्ले उभी होती. तिचा बाबा येस्पर तिच्यापुढे उकिडवा बसून एका हाताने तिचे डोळे पुसत होता आणि दुसऱ्या हाताने दालचिनीचा पाव खात होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"हिची चोखणी, एगिल काका," येस्पर म्हणाला. "रविवारी बांधली. पिवळी होती. हिला सगळ्यात उंच फांदीच हवी होती, म्हणून मी खांद्यावर घेतलं आणि हिने बांधली. सोमवारी येऊन भेटूनही गेलो. मग तीन दिवस पाऊस आणि हिला सर्दी. आज येऊन बघतो तर गायब!"

"मी तिला रोज 'झोप हं आता' म्हणायला येणार होते," सिल्ले हुंदके देत म्हणाली. "बाबा म्हणाला, झाड तिला सांभाळेल. झाडाने नाही सांभाळलं."

"आता हिला रात्री काय सांगू?" येस्पर रडकुंडीला आला होता. "झाडावर विश्वास नाही म्हणते. आज संध्याकाळपर्यंत सापडली नाही तर नवी चोखणी हवी, आणि ती सातवीत जाईपर्यंत सोडणार नाही म्हणते."

पाइप हरवल्याची ती रात्र मला आठवली. मी तिच्यापुढे एक गुडघा टेकला. उठताना मदत लागेल हे तेव्हा लक्षात आलं नाही.

"पोरी, तू योग्य माणसाकडे आली आहेस."

"मी नाही आले. तूच आलास."

"तेच ते. पाचच्या आत तुझी चोखणी शोधून देतो. नाही दिली, तर हा माझा पाइप तुझ्या झाडाला टांगीन!"

बाकावर रिग्मोरच्या सुया थांबल्या. "एगिल," ती म्हणाली, "सगळ्यांनी ऐकलंय हं."

सिल्लेने पाइपकडे निरखून पाहिलं. "यातून धूर का येत नाही?"

"धूर मी अकरा वर्षांपूर्वी सोडला."

"मग तोंडात कशाला ठेवतोस?"

"विचार करायला."

"मीपण विचारच करायचे," सिल्ले म्हणाली.

हा मुद्दा केसशी संबंधित नसल्यामुळे मी पुढे गेलो. सर्वप्रथम रिग्मोरची लोकर घेऊन झाडाभोवती चार बाकांना गुंडाळली आणि आत कोणी पाऊल टाकायचं नाही, कशालाही हात लावायचा नाही, असं जाहीर केलं. यात एक बाही उसवली गेली. मग मी चोखण्या मोजल्या. झाडाखाली इतकी दाट सावली होती की चष्मा लावावा लागला. सोमवारी याच जागी उन्हाने डोळे दिपले होते. चोराने अंधारी जागा निवडली होती हे उघड होतं.

मोजणी संपली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. सोमवारी दोनशे चौदा होत्या, आज एकशे एकतीस.

"त्र्याऐंशी चोखण्या!" मी ओरडलो. "हे एकट्यादुकट्याचं काम नाही, टोळी आहे टोळी!"

"एगिल," रिग्मोर म्हणाली, "जरा वर बघ."

"पुरावा नेहमी खाली पडतो, रिग्मोर!"

आणि पुरावा पडलेलाच होता! जमिनीवर सगळीकडे तपकिरी, चिकट टरफलं विखुरली होती. मी ती पाकिटांत भरली. पाकिटं मला चिकटली. मी एक टरफल चाखून पाहिलं. कडू होतं, पण चिकटपणा तर चिकटपणाच. गुन्हेगाराचे हात चिकट होते! मी सावकाश वळलो आणि येस्परच्या दालचिनीच्या पावाकडे पाहिलं. त्याची पाचही बोटं साखरेने माखली होती.

"जागा कोणाला ठाऊक होती? तुला. खांद्यावर कोणी घेतलं? तू. आणि हात कोणाचे चिकट आहेत?"

"अहो, मी कशाला माझ्याच पायावर धोंडा पाडून घेईन? चार रात्री झोपलो नाहीये मी!"

"बाबा," सिल्लेने डोळे बारीक केले, "तू घेतलीस?"

येस्परने सिल्लेची शपथ घेतली, आईची घेतली, शेवटी उरलेला पाव सिल्लेला दिला. तेव्हा कुठे तो निर्दोष सुटला.

मग माझं लक्ष कॉफीच्या टपरीकडे गेलं. बाहेर तीन बाबागाड्या उभ्या होत्या. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे गाड्यांत पोरं दुपारची झोप काढत होती आणि आया रांगेत कॉफीसाठी ताटकळत होत्या. मी भिंग काढलं. तिसऱ्या गाडीतल्या आरोपीच्या तोंडात चोखणी होती आणि ती पिवळी होती! मी वाकून दबक्या आवाजात म्हणालो, "तुझे साथीदार कोण?" भिंगातून माझा डोळा दिसताच आरोपीने जो टाहो फोडला, त्याने उरलेल्या दोन गाड्याही जाग्या झाल्या.

"काय चाललंय?" रांगेतून एक बाई धावत आली.

"आपल्या मुलावर गंभीर आरोप आहे."

"आठ महिन्यांचा आहे तो! त्याला नीट बसतासुद्धा येत नाही!"

"सराईत चोर बसून राहत नाहीत, बाई."

रिग्मोरने येऊन माफी मागितली, तिन्ही पोरांना थोपटून झोपवलं आणि मला बाहीला धरून परत आणलं. "आता तरी वर बघशील का?" तिने विचारलं.

मी वर बघितलं, आणि मला कावळा दिसला. काय म्हणता! इतका वेळ तो माझ्या डोक्यावरच्या फांदीवर बसून सगळं बघत होता. तो उडाला तसा मी त्याच्यामागे पळालो. तो घसरगुंडीवर बसला तसा मी शिडी चढलो. ही घसरगुंडी म्हणजे बंद नळी आहे आणि तिचं तोंड माझ्या पोटाचा विचार न करता बनवलेलं आहे. कावळा उडून गेला, मी नळीत अडकलो. मागे सात पोरांची रांग लागली.

"आजोबा, लवकर!"

"आजोबांचं चाक पंक्चर झालंय!"

"ढकला रे!"

सिल्ले रडता रडता हसायला लागली, मग सगळ्यांत जोरात तिनेच ढकललं. मी वाळूत येऊन आपटलो तेव्हा चर्चच्या घंटेचे पाच ठोके पडत होते. पाइप मात्र दातांतून सुटला नव्हता.

सिल्लेचं हसू ठोक्याठोक्याने उतरत गेलं. मला तिच्या नजरेला नजर देववेना. सदतीस वर्षांत विनातिकीट पकडलेल्या माणसांचे चेहरे कसे पडायचे, ते त्या दिवशी मला आतून कळलं.

"ती नाहीये, तरी मी म्हणते," ती बाबाला म्हणाली. "जिथे होती तिथेच म्हणते. उचल."

येस्परने माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्याने लोकर वर उचलून धरली. तो आत गेला आणि तिला त्याने खांद्यावर उभं केलं. सिल्लेचं डोकं पानांत शिरलं, मग खांदे शिरले. खाली फक्त दोन लाल बूट दिसत होते.

"झोप हं आ..." आवाज थांबला. मग अशी किंकाळी आली की टपरीवरची तिन्ही बाळं पुन्हा जागी झाली. "आहे! इथेच आहे! सगळ्यांच्या आहेत! पानांत लपल्यात!"

चार दिवसांच्या पावसात-उन्हात चेस्टनटला पानं फुटली होती. माणसाच्या पंजाएवढी, भरगच्च, दर वर्षी फुटतात तशीच. मी पाकिटांत भरलेला पुरावा म्हणजे त्यांच्या कळ्यांची टरफलं होती.

"काढून घेऊ?" येस्परने विचारलं.

"नको," वरून आवाज आला. "झाडाने पांघरूण घातलंय तिला."

खाली उतरल्यावर सिल्ले थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला.

"चोखणी सापडली की," मी म्हणालो.

"मी शोधली."

"तपासाची दिशा माझीच..."

"एगिल," रिग्मोर म्हणाली. तिच्या हातात लाल लोकरीचा तुकडा तयार होता.

"आजोबा," सिल्ले समजुतीने म्हणाली, "तू आता मोठा झालास."

येस्परने मला बाकावर चढवलं, रिग्मोरने माझे पाय धरले आणि मी पिवळ्या चोखणीशेजारी माझा पाइप बांधला. चिठ्ठीवर लिहिलं, 'अकरा वर्षांच्या विचारांबद्दल आभारी आहे. एगिल, वय एकाहत्तर.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आठ महिन्यांच्या आरोपीच्या आईनेसुद्धा वाजवल्या. पहिल्या रात्री मी तीनदा उठलो. रिग्मोरने मला थोपटलं.

पुढच्या गुरुवारी आम्ही बागेत गेलो. मी सहज चेस्टनटखाली जाऊन वर पाहिलं. पाइप गायब! मी तडक वही उघडली, भिंग काढलं आणि लोकरीसाठी हात पुढे केला.

बाकावरून, सुयांवरची नजर न काढता रिग्मोर म्हणाली, "पानं बाजूला कर."

मी बाकावर चढून पानं बाजूला केली. होता. पिवळ्या चोखणीला टेकून निवांत लटकत होता. आसपास कोणी नाही याची मी खात्री करून घेतली, पानं पुन्हा जागच्या जागी नीट लावली, आणि हळूच म्हणालो, "झोप हं आता."