तायडेचा कूलर

बाहेर बर्फ पडत असताना कूलर लावून झोपणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. प्रमोद तायडे, मुक्काम तेल्हारा, जिल्हा अकोला. जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या गावात आम्ही दोघं एका खोलीत राहत होतो. खोलीत कूलर अर्थातच नव्हता, होता तो कूलरचा आवाज. निघण्याआधी, ऐन उन्हाळ्यात, या गृहस्थानं आपल्या घरातल्या कूलरचा आवाज मोबाइलवर भरून आणला होता. पंख्याची घरघर, पंपाची टकटक, सैल पत्र्याची थरथर, सगळं त्यात होतं. रविवारी दुपारी जेवण झालं की मोबाइल हीटरवर ठेवायचा, आवाज लावायचा आणि डोक्यावरून पांघरूण ओढायचं.

"तायडे, बाहेर शून्याखाली आहे रे."

"मंग? मी थंड्या हवेसाठी थोडी लावून राहिलो? झोपेसाठी लावून राहिलो."

मी अमरावतीचा. पण आई शाळेत मराठी शिकवायची आणि घरात कोणी 'मले-तुले' म्हटलं की नुसतं बघायची. उरलंसुरलं पुण्यातल्या कॉलेजानं घासून काढलं. त्यामुळे तायडे मला 'पुणेकर' म्हणायचा. "तू अमरावतीचा आहे हे कोनाले सांगू नको बे, आमची इज्जत जाते."

त्याचा दुसरा आवडता शब्द 'चालते'. भात करपला, चालते. बूट ओले, चालते. वरणात हिंगाऐवजी भलतंच काही पडलं, तेही चालते. परक्या देशात दिवस काढायला त्याला हा एक शब्द पुरत होता. मला पुरत नव्हता. तिथं हिवाळ्यात दुपारीच अंधारून यायचं, रस्त्यावर माणूस दिसायचा नाही, आणि मी नळ सोडून न्हाणीघरात रडून यायचो. बाहेर आलो की तायडे विचारायचा, "झाली का आंघोळ?" सकाळची झालेली त्याला ठाऊक असायची.

एकदा त्या टकटकीची तक्रार खालच्या मजल्यावरून गेली. घरमालकीणबाई मिस्त्रीला घेऊनच वर आल्या. मिस्त्रीनं हीटरला कान लावला, दोन स्क्रू काढले, नळी चाचपली. तायडे शेजारी हाताची घडी घालून उभा, मोबाइल हीटरमागच्या खिडकीत वाजतोय. मी त्याला कोपरानं ढोसलं.

"सांग ना त्यांना."

"काहून सांगू? शोधू दे. आमच्या तेल्हाऱ्याच्या मिस्त्रीले ते टकटक सापडली नाई, याले काय सापडते."

एक खोड मात्र मला कळत नव्हती. हवा कोरडी होऊ नये म्हणून तिथं हीटरला पाण्याचं एक मातीचं भांडं अडकवलेलं असतं. कूलर चालू असताना मध्येच तायडे ताडकन उठायचा, पाण्याचा मग भरायचा आणि त्या भांड्यात ओतायचा. भांडं भरलेलं असलं तरी ओतायचा. पाणी सतरंजीवर सांडायचं, आणि हा परत झोपायचा.

जानेवारीत त्याच्या मायला लकवा झाला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. अकोल्याच्या दवाखान्यातून बहीण व्हिडिओवर माय दाखवायची. तायडेला लगेच निघायचं होतं, पण राहण्याचा परवाना नूतनीकरणाला अडकलेला. देश सोडला तर परत येता येईलच असं नव्हतं. माय डावा हात हलवून पडद्याकडे काहीतरी खुणा करायची. "परीक्षा देऊनच ये म्हन्ते," बहीण सांगायची. मग तायडेच दोघांचं बोलायचा. तिचे प्रश्न हाच विचारी आणि उत्तरंही हाच देई. "जेवला का? हाव, जेवलो ना माय. काय केलं? वांग्याची भाजी केली." वांगी आम्ही कित्येक आठवड्यांत आणली नव्हती.

वाचा परत येईल अशी आशा डॉक्टरांनी दिली होती, आणि तायडे तिच्यावरच जगत होता. रोज पहिला प्रश्न तोच, "बोलली का?"

एका रविवारी सकाळी बहिणीचा फोन आला. तायडेनं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि कांदा चिरायला घेतला.

"आता नाई बोलनार म्हन्ते डॉक्टर," तो म्हणाला. मी 'चालते'ची वाट पाहिली. तो शब्द आला नाही.

दुपारी त्यानं नेहमीप्रमाणे कूलर लावला आणि पांघरूण ओढलं. मी हीटरला पाठ टेकून वाचत बसलो होतो. इतक्या जवळ मी कधी बसलो नव्हतो. घरघर चालू होती. मध्येच पंपाची टकटक बदलली, कोरडी झाली, आणि त्या आवाजाच्या मागून, आतल्या खोलीतून यावा तसा एका बाईचा आवाज आला.

"पम्या, कुलरात पानी टाक रे. पंप सुकून राहिला."

मी पांघरुणाकडे पाहिलं. आता तो उठेल असं वाटलं. पण पांघरूण हललं नाही.

मोबाइलमधली घरघर तशीच चालू होती. मला ते सहन होईना. मी उठलो, पाण्याचा मग भरला आणि हीटरच्या भांड्यात ओतायला लागलो. आईनं इतकी वर्षं घासलेली माझी जीभ आपोआप बोलून गेली, "हाव माय, टाकून राहिलो."

मग पांघरुणाखालून जड आवाज आला.

"हळू टाक बे. सांडलं की माय बोलते."