मेलुर पुलावरील मुक्कामाची कैफियत

शके अठराशे दहा, सर्वधारी संवत्सरी, मेलुर बंदरच्या चिनी रयतेने सरकारी कायद्याशी जो संग्राम केला, त्याचा मजकूर जैसा घडला तैसा लिहितो.

घोड्यांच्या शर्यती तीन दिवसांवर आल्या, रस्ते मोकळे असावे म्हणोन नामदार लाटसाहेबांच्या दरबाराने चहापूर्वी कायदा वाचला आणि चहानंतर मंजूर केला, की दहाहून अधिक चिनी असामींनी रस्त्याने एकत्र चालो नये, चालतील ते हद्दपार. दुसरेच दिवशी होड्या बांधणारा खू तेक हिन याची मातोश्री ओंग स्यू निओ निवर्तली, आणि मुहूर्त पाहणाऱ्या जाणत्याने दफनास शर्यतीच्याच दिवसाची, चार वाजण्यापूर्वीची वेळ नेमून दिली, ती टळता सात पिढ्यांस दोष. मग तेक हिनने हरकतीची अर्जी गुदरली, तीस जबाब आला की विचार पुढील महिन्यात होईल. मातोश्रींस तितकी फुरसद नव्हती. शवपेटी भारी लाकडाची, खांदेकरी सोळा, आणि रिवाज ऐसा की घरून निघाली पेटी कबरीपर्यंत भुईस टेको नये.

शर्यतीचे दिवशी अडीच वाजता पेटी कबरस्तानाच्या वाटेवरील पुलाच्या मध्यावर आली, तो फौजदार ब्रॅडवेल आडवे आले.

“सोळा! सहा जण बाजूला व्हा.”

“होतो की सायब,” खांदेकऱ्यांचा सरदार आ सेंग म्हणाला. “त्या सहा जागी तुम्ही खांदा द्या.”

“पेटी खाली ठेव!”

“तसा रिवाज नाही.”

“मग चालू नका!”

“हे जमेल,” आ सेंग म्हणाला, आणि सोळाही जण जागीच थांबले. “उभं राहायला कायद्यात मनाई नाही ना?”

इतक्यात शर्यतीस निघालेली लाटसाहेबांची बग्गी मागे येऊन अडकली. पूल अरुंद, आणि रयत हटवावी तर ती चालणार, चालली तर कायदा मोडणार, ऐसा पेच पडला.

“आ सेंग, वेळ टळेल रे!” मागून निराळा चालत आलेला तेक हिन रडकुंडीस आला.

“गप रे. तुझी आई हलकीच आहे, लाकूड तेवढं जड आहे.”

खांद्यांवर रक्त उमटले, कोणी हलला नाही. पहिली शर्यत सुटल्याची तोफ ऐकोन लाटसाहेबांनी सव्वातीन वाजता शर्यतीच्या पत्रकामागे कायदा तहकुबीचा हुकूम लिहिला, आणि चारास दहा मिनिटे असता माती पडली. सरकारी पत्रात छापोन आले, की कायद्याचा हेतू सफल जाहल्याने तो रद्द केला असे.

रयतेची फत्ते जाहली. मातोश्री चाळीस वर्षे साहेबांच्या बग्ग्यांस वाट देण्यास गटाराकाठी उभी राहात असे; ते दिवशी बग्गी तिजसाठी पाऊण तास उभी राहिली. दप्तरी नोंद व्हावी.