टीव्हीकडे पाठ करून

आमच्या जयूताई फुटबॉलची मॅच टीव्हीकडे पाठ करून बघतात. फुटबॉल म्हणजे इथे हॉलंडात नातवापासून आजोबांपर्यंत सगळे ज्याच्यावर जीव टाकतात तो नव्हे. अमेरिकेतला. त्यात पायांचं काम कमी, धक्काबुक्की फार, आणि बॉल सोललेल्या नारळासारखा.

न्यूनेनमध्ये आमच्यापासून दोन दारं सोडून त्या राहतात. त्यांचे यजमान अनिलराव आइंडहोव्हनला चिपच्या मशीनवर इंजिनिअर. लग्न होऊन ताई इथे आल्या तेव्हा कागदोपत्री 'डिपेंडंट' होत्या. त्या शब्दाचा त्यांना एवढा संताप आला, की वर्षभरात घरीच कपडे दुरुस्तीचं काम सुरू करून त्यांनी खिडकीत ही मोठी पाटी लावली. पाटी जरा लहान करा, असं गेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बाई सुचवायला आल्या. ताईंनी त्यांना चहा पाजला, त्यांच्या कोटाचं लोंबणारं बटण शिवून दिलं आणि पाटी तशीच ठेवली. "आमचं आम्ही बघून घेऊ!" हे त्यांचं पालुपद. डच येवो, मराठी येवो, सासरचं येवो, उत्तर तेच.

ही गोष्ट २०१६च्या सुमाराची. शनिवारी संध्याकाळी, अमेरिकेत दुपार झाली, की अनिलराव लॅपटॉप टीव्हीला जोडत. कुठल्याशा आडगावातल्या छोट्या कॉलेजची मॅच. कॅमेरा एकच, तोही थंडीनं कुडकुडल्यासारखा हलणारा. ताई खुर्ची उलटी फिरवून कुणाच्या तरी पँटला हातशिलाई घालत बसायच्या.

"पडला का कोणी?"

"अगं, पडणारच. तोच खेळ आहे."

"उठला का?"

"उठला."

"मग चालू दे."

मी पहिल्यांदा ही मॅच बघितली ती त्यांचा डबा परत करायला गेले तेव्हा. त्यांच्या टीमचा एक पोरगा बॉल पोटाशी धरून धावत सुटला आणि पार शेवटच्या रेषेपलीकडे गेला. सहा गुण! मी उठून टाळ्या वाजवायला लागले.

"टाळ्या कसल्या वाजवतेस? खरं तर पुढेच आहे," ताई म्हणाल्या आणि सुई-दोरा टाकून गर्रकन वळल्या.

एक काटकुळा मुलगा धावत आला आणि त्यानं एक गुडघा टेकला. मागे फेकलेला बॉल त्यानं झेलला, जमिनीवर उभा धरला, त्याच्या टोकावर बोट ठेवलं. दुसऱ्यानं लाथ मारली. झालं. पोरगा परत गेला, ताईंची खुर्चीही परत फिरली.

"बघितलास?"

"काय?"

"काय काय? आमचा ओंकार!"

ओंकार त्यांचा एकुलता एक. लहानपणी इथल्या क्लबात गोलकीपर होता, हात पक्के. अमेरिकेत शिकायला गेला आणि तिथल्या टीमनं त्याला हे बॉल धरायचं काम दिलं. यातली मेख अशी, की टीमनं गुण मिळवले तरच त्याला मैदानात बोलावणं. आणि त्या सीझनला ती टीम गुण मिळवायचं विसरलीच होती. शनिवारमागून शनिवार मार खायची, ओंकार बाकावर बसून राहायचा आणि इकडे ताईंच्या पँटा भराभर हातावेगळ्या व्हायच्या. आठवड्याच्या फोनवर ताई पाच मिनिटं मराठीत बोलत आणि पलीकडून "फाइन, मॉम," एवढंच येई. म्हणून मैदानात तो दिसायचा ते हे दोन क्षण त्यांना हवे असत.

त्याला तिकडे पाठवायला सगळ्यांचा विरोध होता. अनिलरावांचा, पुण्याच्या आजी-आजोबांचा, इथल्या मराठी मंडळातल्या न विचारलेल्या पंचांचा. डेल्फ्टला शिकू दे, शनिवारी ट्रेननं मळके कपडे घेऊन घरी येईल. ताई एकट्या म्हणाल्या, जा. लोकांनीही ते लक्षात ठेवलं. "काय हो, एवढ्या लांब जाऊन मुलगा गुडघे टेकायला शिकला?" एकानं विचारलं.

"तुमच्याला टेकून दाखवू दे! समोरून अकरा रेडे धावून येत असताना टेकून दाखवू दे!"

त्या गृहस्थांनी पुढची दोन वर्षं पँट दुसरीकडे शिवून घेतली.

ओंकारचं हे शेवटचं वर्ष. शेवटची मॅच नेमकी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाच्या दिवशी आली. फराळाचं टेबल ताईंकडे. त्यांनी चिवड्याच्या डब्याला टेकवून फोन उभा केला, त्याच्याकडे पाठ केली आणि लाडू वाढत मला म्हणाल्या, "तू बघ. मारामारी सांगू नकोस. तो आला की सांग."

तो येईना. समोरच्या टीमचे चाळीसच्या वर गुण झाले, आपला भोपळा. स्टेजवर अध्यक्षांचं भाषण सुरू झालं. मॅच संपत आली. ताईंचे लाडू वाढणारे हात थांबले, रांग खोळंबली. कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे हो जयूताई, हरले ते."

आणि अगदी शेवटी समोरच्या एकाच्या हातून बॉल निसटला, आपल्या एका जाड्या पोरानं तो उचलला आणि धापा टाकत पलीकडे नेला.

"ताई, आला!"

त्या वळल्या. हेल्मेटमुळे चेहरा दिसत नव्हता, दिसत होते ते हात. बॉल वाकडा आणि उंच आला. ओंकारनं तो अक्षरशः हवेतून ओढून घेतला आणि टेकवला. लाथ बसली. बॉल खांबाच्या बाहेरून गेला.

"ठेवला! सरळ ठेवला!" ताई ओरडल्या. सभागृहाला वाटलं, जिंकले. टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांना वाटलं, आपल्यालाच. त्यांनी नमस्कार केला.

"अहो, पण गोल तर हुकला," मघाशी 'जाऊ दे' म्हणालेले गृहस्थ म्हणाले.

"तो मारणाऱ्याचा प्रश्न. आमच्यानं ठेवला की नाही? आमचं आम्ही बघून घेऊ!" आणि त्यांच्या ताटात दोन लाडू जास्त पडले.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी माझी पँट आणायला गेले. खिडकीला पडदा नव्हताच, बाहेरूनच टीव्ही दिसला. गेल्या शनिवारची तीच मॅच पुन्हा लावली होती. अनिलराव आत चहा टाकत होते. ताई मात्र टीव्हीकडे तोंड करून बसल्या होत्या, हात रिकामे.

"आज इकडे तोंड?"

"आता काय? कुणाला लागलं नाही, ते माहीतच आहे." मग म्हणाल्या, "परवा फोन आला होता. तिकडेच नोकरी लागली. इतक्यात यायला जमणार नाही म्हणाला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, राहा. मीच तर म्हटलं होतं, जा."

मी त्यांच्या पालुपदाची वाट बघत राहिले. ते आलं नाही. मला फार वाईट वाटलं. मी पँट घेऊन निघाले. तेवढ्यात त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. पडद्यावर पोरं धडाधड पडत होती, आणि ताईंची नजर हलत नव्हती.

"बस ना जरा," त्या म्हणाल्या. "तो यायचाय अजून."